ताठा

गेडोच्या उतारावरचा रस्ता अजून रस्ता नाही.
कोटिचा म्हणतात इथल्या काळ्या मातीला.
पावसात ती गाढवांचे खूर धरून ठेवते,
कोरड्या महिन्यांत भेगाळते इतकी
की लेलिसेच्या धाकट्या भावाची चप्पल
एकदा आत गेली ती गेलीच.
तो अजून विचारतो, आता कुठवर पोचली असेल.

लेलिसे प्रयोगशाळेत असते. प्रयोगशाळा म्हणजे
पत्र्याचा कंटेनर, एक तराजू, एक भट्टी,
काचेला तडा गेलेलं दाबयंत्र
आणि दाराशी चुन्याची पोती.
तोलेरा नाकाला फडकं बांधून पोतं फोडतो,
पाण्याचा हबका मारतो.
चुना फणफणतो, वाफ थेट छपराला लागते.
"माझ्या सासऱ्याचा स्वभाव," तोलेरा म्हणतो,
"आधी उकळू दे. मग बोलू."

शंभराला दोन. शंभराला चार. शंभराला सहा.
जो गोळा बोटं सोडायला तयार नव्हता
तो तासाभरात रवाळ होतो,
झटकला की तळहातावरून गळतो
भाजलेल्या बार्लीच्या पिठासारखा.
जादू नाही ही.
मातीच्या पापुद्र्यांना पाण्याचा फार लळा होता,
मध्ये चुना येऊन बसला,
तसे ते एकमेकांकडे वळले, कडेला कड टेकवून.
पण हे नुसतं शांत होणं.
ताठ होणं पुढचं. ते सावकाश,
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या अंधारात,
माती स्वतःतलंच काही विरघळवते
आणि त्यानेच स्वतःला सांधत जाते.

आदिसहून फोन येतो: सातव्या दिवशी आकडा हवा.
"आकडा देईन," लेलिसे म्हणते,
"पण तो मातीचा नसेल, तुमचा असेल."
पलीकडे कुणीतरी खोकतं.
अठ्ठावीस दिवस मिळतात.

नळकांड्यांच्या रांगेत एक जास्तीचं आहे,
नोंदवहीत नसलेलं.
तिच्याच अंगणातली माती, शंभराला सहा.
तिथली भिंत दरवर्षी बोटभर कलते,
बाप दरवर्षी निलगिरीचा नवा टेकू लावतो
आणि दरवर्षी म्हणतो, यंदा कमी कलली.
नळकांड्यावर तिने खडूने लिहिलंय: घर.

अठ्ठाविसावा दिवस.
आधी बिनचुन्याची माती यंत्राखाली.
ती तुटतच नाही. पोट काढते, बसते,
कुणी रागावलं तरी ऐकून घेणाऱ्या माणसासारखी
खाली खाली जात राहते.
मग दोन, मग चार; चार बराच वेळ तग धरतं,
कडेला बारीक रेघ दाखवतं, आणि मग सोडतं.
शेवटी, दार लोटून, घर.
काटा चढतो. तोलेरा मोठ्याने आकडे वाचतोय,
मग नुसते ओठ हलवतोय,
मग तेही नाही.

टक्.

कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका तडा,
आधी एक चाहूल नाही.

मोडेन पण वाकणार नाही, असं आपण मराठीत
छाती काढून म्हणतो.
चुना लावला म्हणजे फसवलं, हेही आपणच म्हणतो.
लेलिसेला यातलं एकही वाक्य माहीत नाही.
ती दोन्ही तुकडे शेजारी ठेवते,
जरा वेळ त्यांच्याकडे पाहते,
आणि अहवालात लिहिते:
चार टक्के. सहा नको. पुरे इतका ताठा.

संध्याकाळी तुकडे ओढणीत बांधून घरी नेते,
टेकूच्या पायाशी सरकवते.
बाप नखाने ओरखडून पाहतो.
"दगड आणलास?"
"अंगणच आहे हे."
तो पुन्हा ओरखडतो. नखच झिजतं.

रस्ता पुढच्या महिन्यात दारावरून जाईल.
भेगा पडणार नाहीत, लेलिसे सांगते,
चाकं रुतणार नाहीत, दवाखाना पाऊण तासावर येईल.
धाकटा सगळं नीट ऐकून घेतो.
"भेगाच नसतील," तो म्हणतो,
"तर माझी चप्पल वर कुठून येणार?"